ज्येष्ठातली वाट : भ्युंडार खोऱ्यातील मेंढपाळ आणि फुलांचे राष्ट्रीय उद्यान

उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात, बद्रीनाथच्या रस्त्यावरील गोविंदघाटापाशी अलकनंदेला येऊन मिळणाऱ्या भ्युंडार खोऱ्याच्या वरच्या अंगाला, सुमारे ८७.५ चौरस किलोमीटरचे जे राष्ट्रीय उद्यान आज ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ या नावाने ओळखले जाते, त्याचे दार अलीकडे १ जूनला उघडते आणि ३१ ऑक्टोबरला बंद होते. पाच महिन्यांचा हा हंगाम वनखात्याने आखून दिलेली प्रशासकीय मुदत वाटत असला, तरी त्याची मुळे खात्याहून पुष्कळ जुनी आहेत. ज्येष्ठात बर्फ मागे सरकू लागले की वर चढावे आणि कार्तिकात पुन्हा बर्फ पडू लागण्यापूर्वी खाली उतरावे, हा क्रम या खोऱ्यात गिर्यारोहक, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि पर्यटक येण्याच्या कितीतरी आधीपासून पाळला जात होता. विसाव्या शतकात बदलले ते एवढेच, की त्या दिवसांत वर जाण्याचा हक्क एका समाजाकडून दुसऱ्याकडे गेला. आणि या बदलाचा परिणाम केवळ माणसांवर नव्हे, तर ज्या फुलांसाठी तो बदल करण्यात आला त्या फुलांवरही झाला असावा, असे मानायला जागा आहे.

उन्हाळ्याच्या आरंभी हे खोरे कसे असते, ते प्रथम समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सारा इतिहास त्यावर बेतलेला आहे. उद्यानाचा तळ समुद्रसपाटीपासून साधारण ३,२०० मीटर उंचीवर सुरू होतो, आणि दोन्ही बाजूंचे उतार इतके तीव्र आहेत की हिवाळ्यात त्यांच्यावर साठलेले बर्फ हिमस्खलनाच्या, म्हणजे कड्यावरून एकदम सुटून येणाऱ्या हिमराशीच्या, रूपाने खालच्या ओढ्यांत येऊन कोंबले जाते. उघड्या कुरणावरचे बर्फ मे महिन्यात विरघळत असले, तरी ओढ्यांतली ही दाबली गेलेली रास जून, क्वचित जुलैपर्यंतही टिकते. तिच्या पोटातून पाणी वाहत राहिल्याने वर एक छत तयार होते, ज्याला हिमपूल म्हणता येईल, आणि हे छत सकाळच्या गारठ्यात पक्के तर दुपारच्या उन्हात दगाबाज असते. स्थानिक लोक आणि हिंदी वर्तमानपत्रे या राशींना सरसकट ‘ग्लेशियर’ म्हणतात, पण भूगोलाच्या अर्थाने हिमनदी म्हणावी अशी टिपरा हिमनदी खोऱ्याच्या अगदी माथ्याला आहे आणि तिच्यातून निघालेली पुष्पावती नदी उद्यानाच्या मधून वाहत घांघरियाजवळ हेमकुंडाकडून येणाऱ्या प्रवाहाला मिळते. जूनच्या पहिल्या आठवड्यात येणाऱ्या प्रवाशाला छायाचित्रांत पाहिलेला फुलांचा गालिचा दिसत नाही, कारण तो जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा, पावसाळ्याचा देखावा आहे. जूनमध्ये दिसतात ती बर्फाच्या काठाला, चिखलाच्या काळ्या पट्ट्यात उगवणारी जांभळी प्रिम्युला, पाणथळीतील पिवळी कॅल्था, पांढरी अ‍ॅनिमोन आणि बर्फाच्या भाराने उताराच्या दिशेने वाकलेली भूर्जवृक्षांची खोडे. मागे सरणाऱ्या बर्फाच्या कडेने रोज थोडीथोडी नवी जमीन उघडी पडते आणि तिथे त्याच आठवड्यात अंकुर येतात. ज्याला फुलांपेक्षा फुलांचा उगम पाहायचा आहे, त्याने खरे तर याच दिवसांत यावे.

याच कोवळ्या गवतासाठी मेंढपाळ वर येत असत. वृक्षरेषेच्या वरच्या, म्हणजे जिथे थंडीमुळे झाडे वाढू शकत नाहीत त्या उंचीवरच्या कुरणांना गढवालात ‘बुग्याल’ म्हणतात, मेंढरे राखणाऱ्याला ‘पालसी’ आणि त्याच्या हंगामी निवाऱ्याला ‘छानी’. भ्युंडार गावचे लोक हिवाळा खालच्या पुलना या गावी काढून उन्हाळ्यात भ्युंडारला येत आणि तिथून गुरे व मेंढरे घांघरियाच्या व त्यावरच्या कुरणांत नेत. आज हॉटेलांनी दाटलेले घांघरिया त्या काळी अशाच उन्हाळी मुक्कामांपैकी एक होते. महाराष्ट्रातील धनगरांचे कळप दिवाळीच्या सुमारास देशावरून कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडाशी परततात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या स्थलांतराची रीत परकी वाटणार नाही. फरक इतकाच की तिथे चालायला लावणारा पाऊस असतो, इथे बर्फ.

शेजारच्या माणा आणि नीती खोऱ्यांत हेच ऋतुचक्र व्यापाराशीही जोडलेले होते. या खोऱ्यांतील मारछा आणि तोलछा समाज, ज्यांना बाहेरचे लोक एकत्रितपणे भोटिया म्हणत आले, हिवाळा अलकनंदेच्या खालच्या टापूत घालवून उन्हाळ्याच्या आरंभी माणा, मलारी, गमशाली, नीती अशा उंचावरच्या गावी परतत, आणि पुढे खिंडींतले बर्फ ओसरले की धान्य, गूळ व कापड घेऊन तिबेटात जात व मीठ, लोकर आणि टाकणखार घेऊन येत. अवघड चढांवर घोड्यांपेक्षा शेळ्यामेंढ्याच भरवशाच्या ठरत, म्हणून त्यांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या लहान पिशव्यांतून माल नेला जाई. म्हणजे कळप हाच बाजार, हीच वाहतूक आणि हीच लोकर अशी ती व्यवस्था होती. धर्माचे वेळापत्रकही याच बर्फाला बांधलेले होते आणि आहे. बद्रीनाथ मंदिराची कपाटे, म्हणजे दारे, उघडण्याचा मुहूर्त वसंत पंचमीला नरेंद्रनगरच्या राजवाड्यात टिहरीच्या राजघराण्यातर्फे जाहीर होतो. दारे वैशाखात उघडतात आणि दिवाळीनंतर काही दिवसांनी मिटतात. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बद्री-केदारच्या मार्गावर धर्मशाळा बांधवल्या, त्याही अर्थातच या सहा महिन्यांच्या वाटसरूंसाठी होत्या.

मेंढपाळांच्या या वहिवाटीला काही निर्बंध होते आणि ते कोणत्याही खात्याने घातलेले नव्हते. उंच कुरणांवर आछरी, म्हणजे माणसाला भुलवून नेणाऱ्या पऱ्या, वावरतात, तिथे मोठ्याने ओरडू नये, भडक रंगाची वस्त्रे घालू नयेत, फुले ओरबाडू नयेत, असा समज गढवालात सर्वत्र होता. ब्रह्मकमळासारखे उंचावरचे फूल भाद्रपदातील नंदाष्टमीपर्यंत तोडायचे नाही आणि त्या दिवशी अनवाणी जाऊन देवीसाठी आणायचे, अशी रीत होती. नंदा ही हिमालयाची कन्या, म्हणजे गौरीच. महाराष्ट्रात गौरी माहेरी येतात त्याच सुमारास तिचाही सण येतो. नंदाष्टमीपर्यंत बहुतेक वनस्पतींचे बी धरून झालेले असते, त्यामुळे या निषेधाचा परिणाम संरक्षणाचाच होई. त्यामागे वनस्पतिशास्त्राचे ज्ञान होते असा दावा करण्याची गरज नाही. भीती आणि भक्ती यांनीही कुरणाची राखण होऊ शकते, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

इंग्रज गिर्यारोहक या प्रदेशात आले ते शिखरांसाठी, आणि तेही बहुधा उन्हाळ्याच्या आरंभीच, कारण बर्फ पुरेसे उतरलेले आणि मोसमी पाऊस अजून न पोहोचलेला असा थोडका काळच त्यांना हवा असे. टॉम लाँगस्टाफ याने १२ जून १९०७ रोजी त्रिशूल शिखर सर केले. एरिक शिप्टन आणि एच. डब्ल्यू. टिलमन यांनी १९३४ मध्ये ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या भोवतालच्या पर्वतकोंदणात शिरण्याची वाट प्रथम शोधली, आणि १९३६ च्या २९ ऑगस्टला टिलमन व नोएल ओडेल हे ७,८१६ मीटर उंचीच्या नंदादेवीच्या माथ्यावर पोहोचले. मानवी पावलांना अज्ञात असलेला प्रदेश खुला झाला, असे या घटनेचे वर्णन वारंवार केले जाते. ते अर्धेच खरे आहे. घळीचा आतला, कठीण भाग खरोखरच कोणी ओलांडला नव्हता, पण तिच्या तोंडापर्यंतच्या दुराशी, दिब्रुघेटा आणि धरांसी या कुरणांवर लाता व आसपासच्या गावांचे कळप प्रत्येक उन्हाळ्यात चरत असत आणि गिर्यारोहकांनी पहिला टप्पा पार केला तो मेंढ्यांनी पाडलेल्या वाटेनेच.

भ्युंडार खोऱ्याचा ‘शोध’ याच प्रकारचा आहे. फ्रँक स्माइथ याच्या नेतृत्वाखालील तुकडीने २१ जून १९३१ रोजी ७,७५६ मीटर उंचीचे कामेट शिखर सर केले, जे तोवर माणसाने माथा गाठलेल्या शिखरांत सर्वांत उंच होते. परतताना, पाऊस सुरू झालेला असताना, ही तुकडी गमशालीकडून भ्युंडारची खिंड ओलांडून या खोऱ्यात उतरली, आणि धुके व गारव्यातून खाली येताच तिला फुलांनी भरलेली कुरणे दिसली. तुकडीतील आर. एल. होल्ड्सवर्थ याला वनस्पतींची चांगली जाण होती. स्माइथलाही बागकामाचे वेड जडले आणि १९३७ च्या उन्हाळ्याच्या आरंभी तो दार्जिलिंगच्या काही साथीदारांसह मुद्दाम या खोऱ्यात परत आला, पाऊस संपेपर्यंत या भागात राहून त्याने बिया, कंद व नमुने गोळा केले आणि मधल्या काळात आसपासची काही शिखरेही चढला. १९३८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ या त्याच्या पुस्तकाने खोऱ्याला जगभर नाव मिळवून दिले आणि भ्युंडार हे जुने नाव नकाशावर मागे पडले. पुढच्याच वर्षी वनस्पती गोळा करण्यासाठी आलेल्या जोन मार्गारेट लेग या इंग्रज बाई ४ जुलै १९३९ रोजी खडकावरून घसरून मृत्यू पावल्या; त्यांची समाधी उद्यानात आहे आणि बहुतेक पर्यटकांची पायपीट तिथपर्यंत होते.

स्माइथच्या वर्णनात हे खोरे माणसाच्या हस्तक्षेपाबाहेरचे, जणू निसर्गाने स्वतः लावलेले उद्यान म्हणून उभे राहते, आणि पुढे संरक्षणाची जी कल्पना रुजली तिच्या मुळाशी हेच चित्र आहे. परंतु १९३१ आणि १९३७ या दोन्ही वर्षी ते खोरे चराईखालचे होते. स्माइथने पाहिलेला फुलोरा पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्यांनी खुडलेल्या, तुडवलेल्या आणि त्यांच्या लेंड्यांनी खतवलेल्या जमिनीवरचा फुलोरा होता, ही साधी वस्तुस्थिती त्या चित्रातून निसटली. आणि चित्र टिकवण्यासाठी ज्यांनी नंतर नियम केले त्यांच्या नजरेतूनही ती निसटली.

याच दशकात खोऱ्याच्या दुसऱ्या फाट्यावर निराळाच इतिहास घडत होता. गुरू गोविंदसिंगांच्या नावे असलेल्या ‘बचित्तर नाटक’ या रचनेत, गुरूंनी पूर्वजन्मी सात शिखरांनी वेढलेल्या हेमकुंडापाशी तप केल्याचा उल्लेख आहे. सेनेतून निवृत्त झालेले संत सोहनसिंग यांनी ते स्थान म्हणजे भ्युंडारवासीयांचे लोकपाल सरोवर होय असे निश्चित केले, आणि १९३६ मध्ये हवालदार मोदनसिंग यांच्या साहाय्याने तिथे लहानसा गुरुद्वारा उभा राहिला. सरोवराकाठी लक्ष्मणाचे जुने देवस्थान होते व आहे. चार हजार मीटरहून उंच असलेले हे स्थळ राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर आहे, तरी उद्यानाच्या इतिहासात त्याला वगळता येत नाही, कारण गोविंदघाट ते घांघरिया ही वाट रुंद झाली, फरसबंद झाली, तिच्यावर खेचरे, चहाच्या टपऱ्या आणि पाठीवरच्या टोपलीतून यात्रेकरू वाहणारे नेपाळी हमाल आले, ते सारे हेमकुंडाच्या यात्रेमुळे. दरवर्षी मे महिन्यात भारतीय सेनेचे जवान हेमकुंडाच्या चढावरचे, विशेषतः अटलाकोटी येथील, बर्फ फोडून वाट मोकळी करतात. फुले पाहायला येणारे त्याच वाटेचा घांघरियापर्यंतचा भाग वापरतात. घांघरियापासून यात्रेकरू उजवीकडे वळतात आणि पर्यटक डावीकडे, आणि संख्येने यात्रेकरू नेहमीच फार अधिक राहिले आहेत.

१९६२ च्या भारत-चीन युद्धाने तिबेटचा व्यापार एकाएकी थांबवला. मीठ-लोकरीची देवघेव बुडाल्याने भोटिया समाजाला शेती, चराई, जडीबुटी आणि नोकरी यांवर भागवावे लागले. त्याच वेळी सीमेच्या रक्षणासाठी मोटाररस्ते वर सरकले आणि त्यांच्यासोबत जंगलाचे ठेकेदारही आले. नीती खोऱ्याच्या वाटेवरील रेणी गावात २६ मार्च १९७४ रोजी गौरादेवींच्या पुढाकाराने स्त्रियांनी झाडांना कवटाळून कुऱ्हाडी परतवल्या, तो प्रसंग चिपको आंदोलनाचा मानबिंदू म्हणून सर्वपरिचित आहे. त्या स्त्रिया ज्या जंगलासाठी उभ्या राहिल्या ते त्यांच्या रोजच्या सरपणाचे, चाऱ्याचे आणि औषधी मुळ्यांचे जंगल होते, हे मात्र पुढच्या दशकातले निर्णय घेताना फारसे लक्षात ठेवले गेले नाही.

त्याच सुमारास नंदादेवीचा प्रदेश परदेशी मोहिमांना खुला झाला होता आणि काही वर्षांतच तळछावण्यांवरील कचरा, जळणासाठी तोडलेली भूर्ज व रानटी जुनिपरची झुडपे आणि कस्तुरीमृगाची चोरटी शिकार यांनी तो प्रदेश बेजार झाला. त्यावर उपाय म्हणून १९८२ मध्ये नंदादेवी राष्ट्रीय उद्यान स्थापन होऊन गिर्यारोहण व पर्यटन बंद झाले, आणि त्याच वर्षी व्हॅली ऑफ फ्लॉवर्सलाही राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत नंदादेवीचा समावेश १९८८ मध्ये झाला आणि २००५ मध्ये त्याच नोंदीत फुलांचे खोरे जोडले गेले. भारतीय कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात चराईला मुभा नसते. म्हणून मोहिमांनी केलेल्या नासाडीची शिक्षा मोहिमांबरोबर मेंढपाळांनाही झाली, आणि भ्युंडारच्या बाबतीत तर जिथे नासाडी करणाऱ्या मोठ्या मोहिमा नव्हत्याच, तिथेही तीच शिक्षा लागू झाली. लाता गावच्या लोकांनी १९९८ मध्ये ‘झपटो-छीनो’ आंदोलन पुकारून निषिद्ध हद्दीत प्रवेश केला. त्यांचे म्हणणे असे होते की चिपकोने जे राखले त्यावरचा हक्क राखणाऱ्यांनाच नाकारला गेला. २००१ मध्ये तिथेच गावाच्या नियंत्रणाखालील पर्यटनाचा जाहीरनामा निघाला, आणि पुढे धरांसीपर्यंत मर्यादित संख्येने पर्यटकांना जाऊ देण्यात आले. जाणारे पर्यटक होते, मेंढ्या नव्हत्या.

भ्युंडार खोऱ्यात वाद माणसांपेक्षा वनस्पतींवरून पेटला. चराई थांबल्यानंतर काही वर्षांत तिथे पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम ही, स्थानिक बोलीत ‘अमेला’ म्हणवणारी, माणसाच्या उंचीपर्यंत जाणारी वनस्पती वेगाने पसरू लागली. ती मूळची हिमालयातलीच असून पांढऱ्या फुलांचे तुरे धरते, पण तिच्या दाट सावलीखाली बुटक्या फुलझाडांना ऊन मिळत नाही. काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की मेंढ्या हिचे कोंब कोवळे असतानाच, म्हणजे नेमके ज्येष्ठात, खुडून टाकत, म्हणून ती आवरलेली राहत असे. मेंढ्या गेल्या आणि अमेला मोकाट सुटली. चंद्रप्रकाश काला यांच्यासारख्या दुसऱ्या अभ्यासकांनी प्रत्यक्ष मोजणी करून, खोऱ्यात पाचशेहून अधिक जातींच्या वनस्पती असल्याचे नोंदवून, चराईबंदीने वैविध्य घटल्याचा निष्कर्ष नाकारला. त्यांच्या मते अमेला मुख्यतः पूर्वी कळप बसवल्या जाणाऱ्या, अतिखताने बिघडलेल्या आणि दरडी कोसळलेल्या जागीच माजते, म्हणजे ती चराईच्या अभावाची नव्हे तर जुन्या चराईचीच खूण आहे. दोन्ही मतांत तथ्य असू शकते, कारण कळप कुठे बसत आणि कुठे चरत या दोन निरनिराळ्या जागा होत्या आणि त्यांचे परिणामही निरनिराळे होणारच. कोणत्या महिन्यात किती मेंढ्या कोणत्या उतारावर चरत, याची सर्वांत तपशीलवार माहिती पालसींपाशी होती, आणि बंदी घालताना ती कागदावर उतरवून घेतली असती तर हा वाद इतका लांबला नसता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरू नये.

नवी व्यवस्था निव्वळ नुकसानीची होती असेही नाही. भ्युंडारची इको-विकास समिती स्थापन झाली, घांघरियातील व वाटेवरील प्लास्टिक गोळा करून खाली पाठवण्याचे काम तिने हाती घेतले, आणि गावकऱ्यांनी हॉटेले, दुकाने, खेचरे व वाटाड्यांची कामे धरली. मेंढ्यांच्या उत्पन्नापेक्षा हे उत्पन्न अनेकांना अधिक लाभदायक झाले. मात्र ते पूर्णपणे वाटेवर अवलंबून होते, आणि १६ व १७ जून २०१३ च्या अतिवृष्टीने नेमकी वाटच नेली. त्या पुरात भ्युंडार आणि पुलना ही गावे उद्ध्वस्त झाली, गोविंदघाटाची मोठी हानी झाली आणि उन्हाळ्याच्या आरंभीचा सारा हंगाम बुडाला. जुन्या पद्धतीत अशा आपत्तीतून कळप घेऊन दुसऱ्या कुरणाकडे सरकता येत असे. हॉटेल सरकवता येत नाही.

आज मे महिन्याच्या उत्तरार्धात वनखात्याची तुकडी घांघरियाहून आत जाऊन बर्फाचा अंदाज घेते, ओढ्यांवरचे लाकडी पूल पुन्हा घातले जातात आणि बामणधौडच्या अलीकडे हिमराशीत पायऱ्या खोदून वाट केली जाते. १ जूनला दार उघडले की परवान्याचे शुल्क भरून पर्यटक सकाळी आत जातात, रात्री मुक्काम करण्यास मनाई असल्यामुळे संध्याकाळपूर्वी परततात, आणि जूनमध्ये येणाऱ्यांपैकी पुष्कळजण फुले कुठे आहेत असे दाराशी विचारतात. त्याच हंगामात मजुरांच्या टोळ्या खोऱ्यात जाऊन अमेला मुळासकट उपटतात. हे काम फुलोऱ्याच्या आधी, कोंब कोवळे असतानाच करावे लागते. ते दरवर्षी नव्याने करावे लागते आणि त्यासाठी मजुरी द्यावी लागते.